दारू सोडली, मग वाचलेले पैसे गेले कुठं?

पत्र (थोडं कापून देतोय):

"नमस्कार काका. मी भोसरीत एका कंपनीत सीएनसीवर आहे, परमनंट. वय ३८, दोन मुलं. पाडव्याला दारू सोडली, परवा सात महिने झाले, आठवड्यातून दोनदा एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंगला जातो. आधी रोज एक क्वार्टर आणि चकणा धरून २५० रुपये जायचे. मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकलंय, ते किती दिवस झाले आणि किती पैसे वाचले ते दाखवतं. त्यात ५२,५०० दिसतात आणि अकाऊंटला आहेत १,८६०. एटीएम कार्ड बायकोकडे असतं, पेट्रोलला पण मागून घ्यावे लागतात. एका ओळखीच्याकडून शेकडा दहानं २० हजार घेतलेले, त्याचं व्याज चालू आहे. लोन अ‍ॅपचे ९ हजार फेडले, बारवाल्याची ५,५०० उधारी पण दिली. दिवाळीला १८ हजार बोनस येईल, बायको म्हणते फ्रीज घेऊ. कंपनीतली पोरं म्हणतात आता तर तू शेठ झाला असशील. काका खरं सांगतो, परवा डोक्यात आलं की मग सोडून उपयोग काय झाला? पीत होतो तेव्हा पण खिसा रिकामा, आता पण रिकामाच. वयानं लहान आहे, अरेतुरे केलं तरी चालेल."

अरे मित्रा,

तुझं पत्र सकाळी चहा घेता घेता वाचत होतो आणि शेवटच्या ओळींवर आलो तेव्हा कप खाली ठेवला. "मग सोडून उपयोग काय झाला" हे वाक्य मला पाठ आहे, कारण पंधरा वर्षांपूर्वी ते मीच म्हणालो होतो.

मी तेव्हा एका पतसंस्थेत वसुलीला होतो. हसू नकोस, दिवसभर लोकांच्या दारात जाऊन हप्ता का थकवला म्हणून विचारायचं आणि संध्याकाळी स्वतःचीच तीन बारमध्ये खाती, असा कारभार होता. पहिल्यांदा सोडली त्याला नऊ महिने झाले होते, पासबुक भरून आणलं तर बॅलन्स चार हजार दोनशे. नऊ महिन्यांचे! महिन्याला पाचशे पण नाही पडले. एवढं मन मारलं, लग्नांत वरातीच्या मागं मागं चाललो, गटारीला घरी बसून टीव्ही बघितला, आणि मिळालं काय तर हे. त्या रागात स्टँडसमोरच्या बारमध्ये शिरलो तो चार दिवसांनी घरी आलो. चार हजार दोनशे दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले, पुढचं सगळं उधारीवर आणि सासऱ्यांनी लग्नात घातलेलं घड्याळ गल्ल्यावर ठेवून. सोडवायला गेलो तोपर्यंत बारचा मालक बदलला होता. ते घड्याळ काय परत मिळालं नाही.

म्हणून तुझं वाक्य मी हलक्यात घेणार नाही, आणि "पैसा काय रे, तब्येत बघ, कुटुंब बघ" असं पण सांगणार नाही. ते तुला मिटिंगमध्ये ऐकायला मिळतंच. तू पैशाचं विचारलंयस तर पैशाचंच बोलू.

तू पत्राच्या मागच्या बाजूला पगाराचा हिशोब लिहिलायस, तो घेऊन मी काल रात्री वही-पेन्सिल घेऊन बसलो (जुनी सवय). पीत होतास तेव्हा हातात यायचे २१ हजार. घरी द्यायचास १२. गाडीचा हप्ता २,६००. पेट्रोल-मोबाईल दोन हजार. म्हणजे राहिले ४,४००. आणि दारू किती, तर रोजचे २५० म्हणजे महिन्याला साडेसात हजार. आता तूच सांग, खिशात ४,४०० आणि खर्च ७,५००, वरचे ३,१०० यायचे कुठून? बारवाल्याच्या वहीतून, लोन अ‍ॅपमधून, त्या शेकडा दहावाल्याकडून. म्हणजे तू रोज २५० ची पीत होतास हे खरं, पण त्यातले शंभर-सव्वाशे तर तुझे नव्हतेच. पुढच्या महिन्याच्या पगारावर आज पीत होतास.

तुझ्या अ‍ॅपला हे कळत नाही. ते बिचारं २५० गुणिले दिवस एवढंच करतं. त्याच्या ५२,५०० मधले २१,७०० म्हणजे सात महिन्यांत तू नव्यानं करणार होतास ते कर्ज. ते झालं नाही. न झालेलं कर्ज अकाऊंटला कसं दिसणार? पण आज तू पीत असतास तर तुझ्या डोक्यावर अजून बावीस हजाराच्या आसपास चढले असते, वर त्याचं व्याज.

उरले ३०,८००. हे खरेखुरे तुझे, महिन्याला ४,४०० प्रमाणे सात महिन्यांचे. त्यातले दोन हजार दर महिन्याला शेकडा दहावाल्याला, म्हणजे १४ हजार. लोन अ‍ॅप ९. बार ५,५००. बेरीज मार, २८,५०० होतात. राहिले २,३००, आणि अकाऊंटला आहेत १,८६०. तुझ्या सात महिन्यांच्या हिशोबात फक्त ४४० रुपयांचा फरक निघतोय रे! मी वसुलीत असताना असा स्वच्छ हिशोब असलेला कर्जदार बघितला नाही, ते ४४० चहात गेले असतील, सोडून दे.

आता एक गोष्ट तू स्वतःच लिहिलीयस आणि तुझ्याच लक्षात आलेली नाही. आधी हातात २१ यायचे, आता २४ येतात. पगारवाढ झाली का? नाही. महिन्याला तीन खाडे व्हायचे ते बंद झाले. सोमवारी अंग कसकसतंय, पोटात जळतंय, मुकादमाला फोन, मामा वारले (माझे सहा मामा वारले होते, आई एकुलती एक). ते तीन हजार आता सरळ घरात जातात, तू घरी १२ ऐवजी १५ देतोयस. मोठ्याची शिकवणी लागली म्हणून लिहिलंयस, दूध एक लिटर झालं म्हणतोस. ते कुठून आलं वाटलं तुला? सात महिन्यांचे एकवीस हजार मुलांच्या पोटात आणि डोक्यात गेलेत. त्या अ‍ॅपमध्ये याचा रकानाच नाहीये, खाड्याचा रकाना कुठल्याच अ‍ॅपमध्ये मी बघितला नाही अजून.

दारूचा हिशोब लोक बाटलीच्या किमतीवर करतात तिथंच चुकतं. बाटलीचं तर काय, २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या कॅबिनेटनं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, क्वार्टरची कमीत कमी किंमत ११५-१३० होती ती २०५ वर गेली, देशी ८० ला, मधे महाराष्ट्र मेड म्हणून एक नवीनच प्रकार काढला तो १४८ ला. वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील असा सरकारचा अंदाज होता. तेव्हा मला बरेच जण म्हणाले, काका आता लोक कमी पितील बघा. कुठलं काय. ज्याला प्यायचीच आहे तो एक पायरी खाली उतरतो, विदेशीवाला देशीवर येतो, आणि देशीवाला घरातल्या डब्यात हात घालतो. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात ना वहिनींच्या खात्यात, ते म्हणजे साधारण सात क्वार्टर. एका आठवड्याची दारू. सरकार तिला द्यायचं आणि तो तिच्याकडून काढून परत सरकारला भरायचा, अशी पण घरं मला माहितीयत. (आणि गंमत सांगू का, आपल्याकडे कायद्यानं दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आयुष्यभराचा १,०००. एकोणीस वर्षांत मी सगळं उधार-उसनं केलं पण तो परवाना काही काढला नाही, एवढाच काय तो माझा वाचलेला पैसा.)

बाटलीबरोबर जे जातं ते मोठं असतं. चकणा तू धरलायस. भुर्जी, सिगारेटी, "आजचं बिल माझं" म्हणून चौघांना पाजलेली, येताना पडलेला मोबाईल, गाडीचा फुटलेला इंडिकेटर, रिक्षा, आणि मग सकाळी आम्लपित्ताच्या गोळ्या. पिऊन गाडी चालवताना सापडलास तर पहिल्याच वेळी १० हजार दंड, वर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पिऊन अपघात झाला तर बहुतेक अपघात विमे हात वर करतात. यातलं एक पण तुझ्या २५० मध्ये नाही.

बरं, हे झालं मागचं. आता पुढचं बोलू, कारण त्या शेकडा दहावाल्यामुळे माझी झोप उडालीय.

शेकडा दहा म्हणजे महिन्याला दहा टक्के, वर्षाला एकशे वीस. तू सात महिन्यांत १४ हजार दिलेस आणि मुद्दल वीसच्या वीस हजार जिथल्या तिथं. अजून तीन महिने दिलंस की मुद्दलाएवढं व्याज जाईल आणि तरी वीस हजार देणं बाकी. मित्रा, तुझी दारू सुटलीय पण दारूचं भाडं तू अजून भरतोयस. तुझा खिसा रिकामा का, याचं खरं उत्तर हे आहे. ४,४०० मधले दोन हजार म्हणजे जवळजवळ निम्मे.

तुझ्या कंपनीत कामगारांची पतपेढी आहे का? भोसरी-चाकणच्या बऱ्याच जुन्या कंपन्यांत असते. परमनंट आहेस म्हणजे सभासद असशील, नसशील तर हो. तिथून वीस हजार काढ. वर्षाला १२ टक्के धरले तर बारा महिन्यांचा हप्ता येतो १,७७७ रुपये. आत्ता तू नुसतं व्याज देतोयस दोन हजार. म्हणजे आजच्यापेक्षा सव्वादोनशे कमी भरून वर्षात कर्ज संपतं! हे मी तुला दोनदा वाचायला सांगेन. मी वसुलीला असताना लोकांना हे पाटीवर लिहून दाखवायचो तरी पटायचं नाही, कारण सावकार घरी येऊन पैसे देतो आणि पतपेढीत फॉर्म भरावा लागतो, माणूस फॉर्मला घाबरतो.

फॉर्मला जामीनदार लागतील, बहुतेक दोन. इथं तुला थोडं झोंबेल. ज्यांच्याबरोबर बसायचास त्यांच्याकडे जाऊ नकोस, ते सही करतील पण संध्याकाळी पार्टी मागतील. ज्यांनी तुला मागं नाही म्हटलं होतं, "आधी पिणं बंद कर मग बोल" म्हणाले होते, त्यांच्याकडे जा. सात महिने झाले म्हणून सांग, पगारातून हप्ता कट होणार म्हणून सांग. एखादा परत नाही म्हणेल, म्हणू दे. राग मानू नकोस, त्यानं तुझ्याकडून एकदा मार खाल्लेला असतो.

पैसे हातात आले की त्याच दिवशी, बायकोला बरोबर घेऊन, त्या माणसाकडे जायचं. एकट्यानं जायचं नाही आणि वीस हजार रोख खिशात घेऊन रात्र काढायची नाही. ट्रान्सफर करता आले तर उत्तम, पुरावा राहतो. कोरा चेक दिला असशील त्याला, देतातच सगळे, तो परत घ्यायचा, स्टॅम्पपेपर असेल तर तो, गाडीचं आरसी बुक ठेवून घेतलं असेल तर ते. "उद्या देतो" म्हणाला तर तिथंच बसून राहायचं. पैसे मिळाले असं लिहून घ्यायचं. आपल्याकडे २०१४ पासून सावकारीचा कायदा आहे, परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. पण ओळखीचा माणूस आहे, नडीला धावून आला होता, तर तक्रारीपासून सुरुवात करू नकोस. चेक दिला नाही किंवा घरी येऊन दमदाटी केली तर मग मागंपुढं बघू नकोस.

आणि हो, बायकोच्या सोन्याला हात लावायचा नाही. ती स्वतः म्हणाली तरी नाही.

आता बोनस. इथं माझं आणि माझ्या जुन्या ऑफिसच्या मॅनेजरचं भांडण होईल, कारण पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आलेला सगळा पैसा कर्जात टाकायला पाहिजे. पतपेढीचं काम झालं नाही तर मी पण तेच म्हणेन, अठराच्या अठरा हजार सावकाराच्या मुद्दलात, वरचे दोन हजार पुढच्या पगारातून, फ्रीज नाही आणि काही नाही. पण पतपेढीतून काम झालं असेल, कर्ज महिन्याला एक टक्क्यावर आलं असेल, तर फ्रीज घे.

का सांगतो. तुझं दुखणं हेच आहे ना की पैसे दिसत नाहीत? न झालेलं कर्ज दिसत नाही, खाडे दिसत नाहीत, फेडलेली उधारी तर अजिबातच दिसत नाही, उलट तो बारवाला रस्त्यात ओळख पण दाखवत नाही आता. माणसाला डोळ्यासमोर काहीतरी लागतं रे. मी दुसऱ्यांदा सोडली तेव्हा अकराव्या महिन्यात मिक्सर घेतला होता. त्याआधी बायको पाटा-वरवंट्यावर वाटायची, शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खालचे लोक आवाजानं तक्रार करायचे. तो मिक्सर सुरू झाला की घरभर जो कर्कश आवाज व्हायचा, तो मला वर्षभर गोड वाटला. तुझ्या बायकोनं लग्नापासून मे महिन्यात दूध नासताना बघितलंय. साधा एका दाराचा फ्रीज बोनसमध्ये बसतो, थोडेफार उरतील पण. फक्त दोन अटी. रोख घ्यायचा, ईएमआयवर नाही, दुकानदार झिरो कॉस्ट म्हणून कितीही गळ्यात पडू दे. आणि बोनस ज्या दिवशी जमा होईल त्या दिवशी तू घरी लवकर जायचं, वाटेत कुठंही "पाच मिनिटं" थांबायचं नाही. बोनसच्या दिवशी भोसरीच्या बारबाहेर किती गाड्या लागतात ते तुला मी सांगायला नको. त्या दिवशी मिटिंग असेल तर मिटिंगला बस, नसेल तर स्पॉन्सरला (एएतला तुझा जुना, आधार देणारा सोबती) फोन लाव.

एटीएमचं. तुला ते टोचतंय, कळतंय मला. अडतीस वर्षांचा बाप्या, पेट्रोलला बायकोकडे हात पसरतो. पण जरा तिच्या बाजूनं बघ, दहा वर्षं तिनं पैसे लपवण्यात काढलीत, तुरडाळीच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या कागदाखाली, पोराच्या कंपासपेटीत, आणि तू ते प्रत्येक वेळी शोधून काढलेस. सात महिन्यांत ती सवय जात नाही. कार्ड परत मागू नकोस, वर्षभर तरी नाही. पण रोज मागायचं हे पण बरोबर नाही, तिला पण ते आवडत नसेल, रोज पोलिसगिरी कोण करणार. तिला म्हण, दर सोमवारी मला पेट्रोल आणि चहाचे म्हणून ५०० ठरवून दे, शनिवारी मी तुला कुठं गेले ते सांगतो. तिनं विचारायच्या आधी सांगायचं. ४० रुपयाचा वडापाव-चहा असला तरी सांगायचा. सुरुवातीला शाळेत असल्यासारखं वाटेल. माझ्या घरी पाचव्या की सहाव्या महिन्यात बायको भाजी निवडताना म्हणाली, "पुरे झालं हो, कान किटले माझे." त्या दिवशी कार्ड तिनंच टेबलावर ठेवलं. मी मागितलं असतं तर अजून दोन वर्षं मिळालं नसतं.

पतपेढीचा हप्ता जाऊन तुझ्याकडे महिन्याला साधारण २,६०० राहतील, दिवसाला पंचाऐंशी-नव्वद रुपये. त्यातले अडीच हजार बाजूला टाकायचे, आणि कसे टाकायचे हे किती टाकायचे याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण दारूचे पैसे कधी महिन्याच्या एक तारखेला एकदम जात नव्हते. रोज संध्याकाळी साडेसातला जायचे. सुटलेली शिफ्ट, वाईन शॉपची जाळी, खिशातला हात. तर त्याच वेळेला ८० रुपये काढायचे. आमच्या पतसंस्थेत पिग्मी होती, एजंट संध्याकाळी दुकानादुकानात फिरून दहा-वीस-पन्नास गोळा करायचा (पिग्मी ही उडुपीकडची, सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये काढलेली आयडिया). आमचा एजंट बारमध्ये पण जायचा. आत आम्ही बसलेलो असायचो आणि तो गल्ल्यावर मालकाची पिग्मी घ्यायचा. त्या मालकाची पिग्मी वर्षात एक दिवस चुकली नाही. आमच्याच नोटा, आमच्या डोळ्यादेखत, त्याच्या पोरीच्या लग्नाला साठत होत्या आणि आम्ही अजून एक नव्वद सांगत होतो.

पण तू पतसंस्थेत पिग्मी लावच असं मी म्हणणार नाही, पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखाचं विमा संरक्षण नसतं, आणि बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात उभे असलेले लोक मी बघितलेत. तू घरात एक डबा ठेव, कुलूपवाला, किल्ली बायकोकडे. रोज साडेसातला घरी येऊन पोरांसमोर ८० टाकायचे. महिनाअखेरीला त्यात शे-दीडशे भर घालून अडीच हजार पोस्टाच्या आरडीत. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, १०० रुपयांपासून सुरू होते, २०२३ च्या ऑक्टोबरपासूनचा दर ६.७ टक्के धरला तर महिन्याच्या अडीच हजाराचे पाच वर्षांनी साधारण १ लाख ७८ हजार होतात. तेव्हा तुझा मोठा कॉलेजला असेल. यापेक्षा जास्त परतावा देणारे दहा प्रकार तुला कंपनीतली पोरं सांगतील, शेअर, क्रिप्टो, काय काय. त्यांना हो म्हण आणि आरडी लाव. एका नशेतून निघालेल्या माणसानं पहिल्या दोन वर्षांत वर-खाली होणाऱ्या आकड्यांच्या नादाला लागू नये असं माझं मत आहे, रमी आणि मटका तर लांबच. आणि बँकेत जाऊन ते दोन सरकारी विमे घे, २० रुपयेवाला अपघाताचा आणि ४३६ वाला जीवन ज्योती, दोन्ही दोन दोन लाखाचे. वर्षाचे ४५६, म्हणजे सव्वादोन क्वार्टर.

अजून एक गळती आहे, ती तुझ्या पत्रात दिसली नाही पण येईल. अपराधीपणाची खरेदी. पोरांचे वाढदिवस विसरलो, गॅदरिंगला पिऊन गेलो, म्हणून आता सायकल, मग मोबाईल, मग "पप्पा त्याच्याकडे आहे तसले बूट". मी धाकट्याला गिअरची सायकल घेतली होती हप्त्यावर, त्यानं चार महिने चालवली. त्याला खरं म्हणजे मी रविवारी मैदानावर यायला पाहिजे होतो, ते फुकट होतं.

तुझं पत्र वाचून दुसरं कोणी उद्या सकाळपासून एकदम बंद करायचं ठरवत असेल तर त्याच्यासाठी दोन ओळी. रोज आणि भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊन जिवावर पण बेतू शकतं. आधी डॉक्टरला भेटा, सरकारी दवाखान्यात पण चालेल. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं, तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळा आधारगट पण चालतो. आणि एएला फी नसते, थैली फिरते तिच्यात जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी कोणी विचारत नाही. पैसे नाहीत म्हणून उपचार नाही, हे कारण मी पण चार वर्षं वापरलं होतं, आणि तेव्हा दिवसाला दीडशेची पीत होतो.

राहिली ती कंपनीतली पोरं, "शेठ झाला असशील" म्हणणारी. त्यांना हिशोब द्यायला जाऊ नकोस. तो बॅलन्सचा आकडा तर अजिबात सांगू नकोस, त्यातल्या एकाला तुझ्या १,८६० मध्ये स्वतः न सोडायचं कारण सापडेल. आणि ते अ‍ॅप, दिवस मोजायला राहू दे, पैशाचा रकाना बंद करता येत असेल तर कर. त्याऐवजी कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटव, वर लिही २०,०००, आणि पतपेढीचा हप्ता गेला की मुद्दल किती राहिलं ते खाली लिहीत जा. पहिल्या महिन्यात १८,४२३ होईल. हा आकडा खाली जाताना बघायला मजा येते, बघ तू.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे म्हणालास ना. सुटल्यावर सरळ पतपेढीच्या खिडकीवर जा आणि कर्जाचा फॉर्म माग, तीन महिन्यांच्या पगारपावत्यांची झेरॉक्स बरोबर ठेव म्हणजे परत हेलपाटा नको. खिडकी किती वाजता बंद होते ते आजच कोणाला तरी विचारून ठेव. आणि फ्रीज घ्यायला जाशील तेव्हा बायकोला घेऊन जा, रंग तिला ठरवू दे.

तुझा,
काका